तिसरं पिल्लू

१६ एप्रिल

आज एकवीस आठवडे पूर्ण. गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालून सहावा दिवस. पलंगाच्या पायथ्याखाली अमोलने दोन-दोन विटा लावल्यात. डोकं खाली, पाय वर. संडासला उठायचं, बाकी नाही. आंघोळ आठवड्यातून दोनदा, स्टुलावर बसून.

डॉ. मॅडम : "सदतिसाव्या आठवड्यात टाका काढू. तोवर तुम्हाला एकच काम. पडून राहायचं."

म्हणजे ऑगस्ट.

खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसते, भिंतीच्या वर त्यांची पाण्याची टाकी. एवढंच. ही वही लॅबमधली. सॅम्पलच्या नोंदींसाठी मागवलेल्यांतली एक उरली होती. बारा वर्षं लोकांच्या रक्ता-लघवीच्या नोंदी केल्या, आता स्वतःच्या.

१८ एप्रिल

लॅबमधल्या रेश्माने लिंक पाठवली. "रील्स बघून वेडी होशील, त्यापेक्षा हे बघ." स्कॉटलंडमधलं कुठलंसं तळं. उंच झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचं भलंमोठं घरटं आणि त्यावर रोखलेला कॅमेरा, दिवसभर चालू. ऑस्प्रे. मासे मारणारी घार. हिवाळ्यात आपल्या खाडीवरही दिसते, रेवदंड्याच्या पुलावरून येता-जाता पाहिलीय मी, नाव माहीत नव्हतं. घरट्यात एक अंडं. मादी त्यावर बसलेली. आपल्याकडे दहा वाजत आले की तिथे उजाडतं.

अर्धा तास बघितलं. ती हलली नाही. मीही.

२३ एप्रिल

बावीस. तिकडे तिसरं अंडं.

सासूबाई सकाळपासून शेतावर, राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायला. सगळ्या गावाचाच भाजतोय, धूर थेट खोलीत. खिडकी लावली तर उकाडा, उघडली तर खोकला. खोकला आला की पोट दोन्ही हातांनी धरून ठेवते. टाका उसवेल अशी भीती. असं उसवत नाही हे माहितीय. तरी धरते.

२९ एप्रिल

सा.बा. ताट घेऊन आल्या, फोनकडे बघून म्हणाल्या, "पोटुशी बाईने असलं बघू न्हाय. कच्ची मासळी फाडतंय ते."

ताट ठेवलं. गेल्या नाहीत. पलंगाच्या कडेला टेकल्या.

"हा नवरा हाय तिचा?"

"हो."

"मासळीचं मुंडकं कुठं हाय?"

"ते तो आधीच खातो. उरलेला मासा तिला आणतो."

"मेला." मग थोड्या वेळाने, "तुझे सासरे बाजारातून भजी आणायचे ना, पुडा घरात यायचा तेव्हा अर्धा."

पाच वर्षांत सासऱ्यांबद्दल माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मला हसू आलं. हसतानाही पोट धरलं.

७ मे

चोवीस.

पहिलं विसाव्यात गेलं. दुसरं बाविसाव्यात. दोन्ही आकडे आता मागे पडले. घरात कुणी तसं म्हणत नाही. अमोलने शिरा केला, कारण सांगितलं नाही. खाली लागला होता. सगळा खाल्ला.

१२ मे

आज कुणाशी बोलायची इच्छा नाही.

शेजारच्या काकू येऊन दीड तास बसल्या. त्यांच्या भाचीचं सगळं ऐकवलं, भाचीचं काय झालं तेही. मी उठून जाऊ शकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. डाव्या कुशीवर असले की येणाऱ्याकडे तोंड, उजव्या कुशीवर झोपायला मनाई. कंटाळा आला म्हणून पाठसुद्धा फिरवता येत नाही.

त्या मादीला सुट्टी मिळते. नर येतो, तिला बाजूला करतो, स्वतः बसतो. ती पंख ताणते, तळ्यावर एक फेरी मारून येते. मला तिचा राग आला. पक्ष्याचा राग! अमोलला सांगितलं तर म्हणाला, "तू त्या घरट्यात फार अडकलीयस."

"मग कुठे अडकू?"

तो टॉवेल घेऊन बाहेर गेला. बिचारा. मांडव्याला दिवसभर लाँचवर प्रवाशांची ओरड, घरी माझी.

२० मे

तिथे गारा. ती घरट्यावर पंख पसरून बसली. गारा पाठीवरून घरंगळत होत्या, ती डोळे बारीक करून तशीच. सा.बा. पदर तोंडाशी धरून बघत होत्या. "उठ गो बाय, उठ, मरशील," असं तिला म्हणत होत्या. मग माझ्याकडे बघितलं आणि ताट उचलून आत गेल्या.

२५ मे

लाँच पावसाळ्यासाठी बंद झाल्या. अमोल आता दिवसभर घरी. दुपारी तिघं मिळून बघत होतो. पहिलं पिल्लू बाहेर आलं. करड्या रंगाचं, ओलं, मान धरता येत नाही. सा.बा. शेजारी सांगायला गेल्या. काय सांगितलं असेल देव जाणे, काकू "कुणाचं? कुणाचं?" करत धावत आल्या.

बाळ आज खूप फिरतंय.

३० मे

तिन्ही बाहेर. तिसरं काल आलं. पहिल्याच्या निम्मं आहे. मासा आला की मोठी दोघं पुढे, हे मागे तोंड वासून. आज संध्याकाळपर्यंत त्याला तीन घास मिळाले. मोजले.

१ जून

सोनोग्राफी. शेजाऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर आडवी, अलिबागला. दीड महिन्याने आकाश बघितलं, तेही काचेतून, उलटं.

तपासून झाल्यावर मला तिथेच स्ट्रेचरवर ठेवलं. मॅडमनी अ.ला आत बोलावलं. तो दहा मिनिटांनी आला.

"काय म्हणाल्या?"

"सगळं ठीक. पडून राहा म्हणाल्या."

बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं. दुसरं उद्या नर्सबाई घरी येऊन देतील. "सगळ्यांनाच देतात," असं अ. म्हणाला. सगळ्यांना देत नाहीत. रिपोर्ट मागितला. "फाईल गाडीत राहिली वाटतं."

३ जून

तिकडे वारा. तळ्यावर लाटा. सकाळपासून नराने एकच मासा आणला. मोठ्या दोघांनी संपवला. तिसऱ्याने मान वर केली, मोठ्याने त्याच्या डोक्यावर चोच मारली, ते खाली दबलं. परत मान वर. परत चोच. मादी बघत होती. काही केलं नाही तिने.

सा.बा. : "तिला कळत न्हाय का गो?"

फाईल अजून "गाडीत".

४ जून

अठ्ठावीस. दुपारी औषधाने डोळा लागला. उठले तर नेट बंद. अ. म्हणतो, वाऱ्याने वायर तुटली, दोन-तीन दिवस लागतील. या खोलीत मोबाईलची रेंज कधीच नव्हती. म्हणजे आता काहीच नाही. भिंत आणि टाकी.

सा.बा. दोनदा येऊन डोक्यावरून हात फिरवून गेल्या. त्या असं करत नाहीत.

५ जून

नेट नाही.

कापूस, औषधाचा खोका, पंखा. पंख्याच्या एका पात्याला डाग आहे. तो डाग सेकंदाला किती वेळा येतो ते मोजायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

६ जून, सकाळ

बाहेरच्या खोलीतून सा.बा.च्या फोनवर भजन. त्यांच्याकडे भजनं साठवलेली नसतात, त्या रोज नवी लावतात. नेटवर.

अमोलला हाक मारली. तो आला, त्यानेही भजन ऐकलं, आणि तिथेच उभा राहिला.

"वायर कधी जोडली?"

"वैशाली, ऐक..."

तिसरं पिल्लू परवा दुपारी गेलं. मी झोपले होते तेव्हा. सा.बा. एकट्याच बघत होत्या. त्यांनी अ.ला बोलावलं, अ.ने माझ्या फोनचं नेट काढून टाकलं आणि वायरची गोष्ट रचली.

मागून सा.बा. आल्या. "मीच सांगितलं त्याला. तिसरं होतं गो ते. तुला कसं दाखवू?"

माझंही तिसरं.

मी त्यांच्यावर ओरडले नाही. अ.ला विचारलं, "अजून काय लपवलंयस?"

लगेच "काही नाही" म्हणाला असता तर विश्वास ठेवला असता. तो लगेच बोलला नाही. मग "काय लपवणार?" असं म्हणून चप्पल घालून बाहेर निघून गेला. मी त्याच्या मागे जाऊ शकत नाही. ते त्यालाही माहीत.

६ जून, दुपार

सा.बा.ना म्हटलं, "आई, फाईल कपाटावर आहे ना?"

त्या उंबऱ्यात उभ्या. "त्याने सांगितलंय, देऊ नको."

"माझी आहे ती."

"व्हय. तुझी हाय."

तरी हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाचून उठलीस-बिठलीस तर?"

"नाही उठणार."

स्टूल आणलं. माझं आंघोळीचंच. साठ-पासष्टच्या बाई, गुडघे दुखतात, स्टुलावर चढल्या आणि कपाटावरच्या चादरींखालून फाईल काढून माझ्या हातात दिली. वाचून होईपर्यंत माझे पाय धरून बसल्या.

दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचण्यात बारा वर्षं गेली. माझा वाचायला पाच दिवस उशीर.

तोंड वरून उघडायला लागलंय. पाण्याची पिशवी टाक्यापर्यंत उतरलीय. बाळ वजनाने थोडं मागे. खाली मॅडमच्या अक्षरात : कोणत्याही दिवशी कळा सुरू होऊ शकतात. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयाजवळ लवकरात लवकर हलवावे. नातेवाइकांना समजावून सांगितले. त्याखाली सही. अमोलची.

नातेवाइकांना.

६ जून, संध्याकाळ

अ. परत आला. फाईल माझ्या पोटावर बघितली. जमिनीवर बसला, पलंगाला टेकून, पाठ माझ्याकडे.

"रस्ता बघितलायस ना वडखळपर्यंतचा? खड्ड्यांत काही झालं असतं तर? आणि इथे काही झालं तर? रोज सकाळी ठरवायचो, आज निघायचं. रोज संध्याकाळी वाटायचं, आजचा दिवस गेला ना नीट."

"पाच दिवस तू एकटा ठरवत होतास."

"तू घाबरली असतीस."

"मी अशीही घाबरलेलीच आहे, अमोल. एप्रिलपासून. फक्त कशाला घाबरायचं ते माहीत नव्हतं."

तो रडला. लग्नात नाही, दोन्ही वेळेला नाही, आज रडला. मला त्याच्या केसांपर्यंत हात पोचवता येत होता. पोचवला नाही लगेच. नंतर पोचवला.

७ जून

फोनचं नेट परत जोडून घेतलं, मॅडमशी मी स्वतः त्यावरूनच बोलले. सगळं विचारलं. अॅम्ब्युलन्समधून, आडवं, हळू गेलं तर रस्त्याचा धोका कमी. इथे कळा आल्या तर बाळाचा धोका जास्त. पनवेलला नणंद राहते, ज्योतीताई. तिच्या घरापासून मोठं हॉस्पिटल दहा मिनिटांवर.

जायचं. मी ठरवलं. अ. "बरं" म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावरचं काहीतरी खाली उतरल्यासारखं दिसलं.

सा.बा. येणार नाहीत. पाऊस तोंडावर, भाताची पेरणी कुणावर टाकणार. पिशवीत माझे कपडे भरताना सगळ्यात खाली छोटी दुपटी घातली. मला दिसू नयेत अशी. मग थांबल्या, काढली आणि वर ठेवली.

८ जून

पोचलो. साडेतीन तास. प्रत्येक खड्ड्याला अ.चा हात माझ्या पोटावर, माझा त्याच्या हातावर. अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर दर वेळी आधीच ओरडायचा, "ताई, येतोय हां!"

हॉस्पिटलात तपासून ताईकडे पाठवलं. तिची खोली सातव्या मजल्यावर. इथे आकाश भरपूर. विटा नाहीत, ताईने पायथ्याखाली जाड पुस्तकं लावली.

१३ जून

सव्वाएकोणतीस. सा.बा.चा रोज फोन येतो. पेरणी उरकून हात धुतले की घरटं लावतात आणि मला सगळं सांगतात. काही गाळत नाहीत.

"आज दोनच मासळ्या. मोठ्याने खाल्ली, दुसऱ्याला शेपटी. पाऊस हाय तिकडं. नर सकाळपासून आला न्हाय, मला काळजी वाटते."

मग, "तुझं सांग. खरं सांग."

मी खरं सांगते. काल थोडं पाणी गेल्यासारखं वाटलं. तपासलं, ते पाणी नव्हतं. रात्री भीती वाटली. सगळं सांगते. पलीकडून फक्त "व्हय... व्हय..." येतं.

१९ जून

काल तीस पूर्ण झाले. सकाळपासून पोट कडक होतं, सोडतं. ताई म्हणाली जाऊन येऊ. हॉस्पिटलात ठेवून घेतलं. सलाईनमधून औषध. दुपारी थांबलं. इथल्या डॉक्टरांनी अ.ला खूण केली, "जरा बाहेर या." अ. म्हणाला, "इथेच सांगा. तिला आधी."

डॉक्टर म्हणाले, आज होईल किंवा चार आठवडे जातील, सांगता येत नाही. या आठवड्यातली पुष्कळ बाळं जगतात. पेटीत ठेवावं लागेल. संमतीच्या कागदावर या वेळी माझी सही.

बाळांचा विभाग वरच्या मजल्यावर. अ. काचेतून बघून आला. "इतकुशी असतात," म्हणाला, आणि हाताने दाखवायला गेला, मग हात खिशात घातला.

२० जून

दुपारी ३.१० ला एक कळ. साधारण चाळीस सेकंद.

३.२२.

३.३१. ही पाठीतून सुरू झाली.

सिस्टर म्हणाल्या, लिहून ठेवा, दोन कळांमधलं अंतर नऊ मिनिटांच्या खाली आलं की बेल दाबा. लिहितेय.

३.४०.

बाळ हलतंय. आत्ता, उजवीकडे. जोरात.

अमोल खाली चहा आणायला गेलाय. बेल हाताशी आहे. घड्याळ समोरच्या भिंतीवर.

३.४६. अजून नाही.

३.४७