लाल डागाचा हेत्वाभास

दादर, रविवार

श्री. रमाकांतराव परब यांस,

श्रीधर दामले याचा, मान थोडी खाली घालूनच केलेला, सप्रेम नमस्कार.

गावी सर्वांची प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. घराची कौले फिरवून झाली का? विहीणबाईंचा गुडघा आता काय म्हणतो? आपल्या मातोश्रींना आमचे दंडवत सांगावेत. इकडे आरोही आणि हितेंद्र मजेत आहेत. लग्नाला तीन महिने झाले तरी दोघे अजून एकमेकांशी बोलतात. सौ. मीनाक्षीही बरी आहे. माझ्याशी बोलत नाही, पण बरी आहे.

ती का बोलत नाही, हे सांगण्यासाठी मला आपल्या गाडीपर्यंत यावे लागेल. तिथपर्यंत शक्य तितक्या उशिरा पोचावे अशी माझी इच्छा होती, परंतु विषय संपले.

कॉटन ग्रीनला आपल्या घरासमोरचा रस्ता खणल्यामुळे आपण गाडी आमच्या आवारात ठेवून गावी गेलात. किल्ली माझ्या हातात देताना आपला चेहरा मुलीची पाठवणी केल्यासारखा झाला होता. (मी नुकताच त्या प्रसंगातून गेलो आहे, त्यामुळे चेहरा ओळखतो. मात्र मी आरोहीच्या अंगावरचे प्लास्टिकचे आवरण काढून तिला पाठवले होते. आपल्या गाडीच्या सीटवर ते अजून आहे. असो.) एक दिवसाआड तिला फिरवून आणायचे, एवढेच आपण सांगितले होते. मी ते केलेही. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज हे पत्र केवळ कौलांविषयी असते.

गेल्या मंगळवारी सकाळी मला गाडीच्या पुढच्या भागाखाली, फरशीवर, लालसर डाग दिसला. मी बॉनेट उघडले. आत एका पांढऱ्या डब्यात तशाच लालसर रंगाचे पाणी होते, आणि ते खालच्या रेघेच्याही खाली गेलेले होते. रमाकांतराव, मी गिरगावातल्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवतो आणि हौसेने न्यायशास्त्र वाचतो. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करायचे, हे आमच्या हाडीमाशी भिनलेले आहे. डाग लाल, पाणी लाल, पाणी कमी. अर्थात इंजिन थंड ठेवणारे कूलंट गळते आहे. अनुमान इतके देखणे होते की ते एखाद्या मेकॅनिकच्या हवाली करणे मला अरसिकपणाचे वाटले.

मग शब्दप्रमाण म्हणून गाडीचे पुस्तक वाचले. इंजिन गरम असताना झाकण उघडू नये असे त्यात होते. गाडी रात्रभर उभीच होती, तरी मी आणखी दोन तास थांबलो. कूलंट विषारी असते, चाखू नये असेही होते. म्हणून मी त्या डागापासून चार हात दूर राहिलो, वाससुद्धा घेतला नाही. (शास्त्राज्ञा पाळून मनुष्याचे एवढे नुकसान झाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.) नंतर सगळ्या रबरी नळ्या दाबून पाहिल्या. खालची नळी मला संशयास्पद वाटली. तिच्यावरची पट्टी सैल आहे असे ठरवून मी ती स्क्रू-ड्रायव्हरने आवळली. मग आणखी आवळली. मीनाक्षी खिडकीतून म्हणाली, "अहो, ती परक्याची गाडी आहे." मी म्हणालो, "व्याही परके नसतात." आणि आणखी एक पीळ दिला.

नळी चिरली.

डब्यातले, नळीतले आणि रेडिएटरमधले होते नव्हते ते सारे पाणी माझ्या लेंग्यावर आले. मी चिरेवर चिकटपट्टी गुंडाळली, साधे पाणी भरले आणि चाचणी म्हणून शिवाजी पार्कला एक फेरी मारायला निघालो. अर्ध्या फेरीत काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली. मी तत्काळ इंजिन बंद केले. (त्या दिवसातले माझे हे एकमेव योग्य कृत्य आहे, ते आपण लक्षात ठेवावे.) फिरायला आलेली निवृत्त मंडळी भोवती जमली. एका हृदयरोगतज्ज्ञांनी बॉनेटला हात लावून "ताप आहे" असे निदान केले. एका माजी न्यायाधीशांनी विचारले, "तपास कोणी केला?" मी हात वर केला.

कुणीतरी पाणी मागितले म्हणून मी डिकी उघडली. आत, स्टेपनीच्या शेजारी, कोकमच्या आगळाची, म्हणजे लालभडक खारट रसाची, बाटली आडवी पडली होती. बूच सैल, निम्मी रिकामी, आणि खालच्या भोकातून थेंब रस्त्यावर पडत होते. आमच्यासाठीच ठेवलेली असणार. सांगायचे राहून गेले असणार. सोमवारी संध्याकाळी मी फेरी मारून आलो तेव्हा गाडी उलट्या तोंडाने लावली होती. गाडी फिरली, डाग जागच्या जागी राहिला, आणि मंगळवारी बॉनेट बरोबर त्याच्यावर आले. ज्या जागी हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, नाहीच त्या जागी तो आहे असे धरून चालणे, याला आम्ही स्वरूपासिद्ध हेत्वाभास म्हणतो. मीनाक्षी याला जे म्हणाली ते पत्रात लिहिण्याजोगे नाही.

न्यायाधीश, हृदयरोगतज्ज्ञ आणि इतर दोघे अशा चौघांनी गाडी ढकलत आमच्या आवारात आणली. मी स्टिअरिंगला होतो. वाटेत पुष्कळ ओळखीचे लोक भेटले. मी सर्वांना नमस्कार केला. नाही केला तर अधिक वाईट दिसले असते.

रमाकांतराव, आपण घरात घेतलेली ही पहिली गाडी आहे, हे मला ठाऊक आहे. ती आपण विश्वासाने दिलीत आणि मी धडधाकट इंजिनावर विद्वत्ता चालवली. मुलगी आपल्या घरात आहे, म्हणून आपण मला काही बोलणार नाही, याचीच मला अधिक लाज वाटते. थोडे बोलावे, ही विनंती.

आपला अपराधी,
श्रीधर दामले

ता. क. खरे तर पत्र एवढ्यासाठीच लिहिले: गुरुवारी आलात की परस्पर आवारात जाऊन किल्ली फिरवू नये. नळी बदलेपर्यंत इंजिन सुरू करणे धोक्याचे आहे. आधी वर यावे. हे फोनवर सांगण्याचे धैर्य झाले नाही. हितेंद्र आज गावी निघाला आहे, त्याच्या हाती पाकीट देतो. आत भाच्याच्या मुंजीची पत्रिका आहे असे त्याला सांगितले आहे.

ता. क. २. हितेंद्र आला आहे, आत पोहे खातो आहे. मी सहज गाडीचा विषय काढला, तर म्हणाला, "बाबा, पप्पांनी तुम्हाला सांगितलं नाय? ती दोन महिने गरम होतेय. पाणी कुठे जातं तेच कळत नाय. पप्पा बोलले, सरांसमोर कशाला लाज काढायची, गावावरून आल्यावर बघू."

म्हणजे हेतू खोटा होता, पण निष्कर्ष खरा निघाला. न्यायशास्त्रात याला गुण मिळत नाहीत. नळी मीच चिरली, तेव्हा वरची क्षमायाचना मागे घेत नाही. फक्त गेले पाच दिवस शरमेने एकटाच बसलो होतो. आता सोबत आहे हे कळले. गुरुवारी जेवायलाच या. दोघेही खाली मान घालून जेवू.