मीटरची टोपी

३ मार्च
वीजकेंद्राच्या चिमणीला नवा फिल्टर बसला, मग दोरीवरच्या कपड्यांवर राख कुठून येते? आईने विचारलं. चिमणीतून किती धूळ जाते ते मोजणारं मीटर माझ्याच ताब्यात! फाटकाबाहेरच्या बोर्डावर आकडा हिरवा, म्हणजे धूळ मर्यादेत. आणि आई ओल्या चादरीवर बोट फिरवून दाखवते. "कॉलेज शिकलीस ना? मग सांग."

६ मार्च
आकडा हिरवा. चादर करडी.

९ मार्च
आधुनिक केलेल्या संचाचं उद्घाटन. साहेब फिटरला विचारत होते, मीटरला टोपी घातली का. मला वाटलं, ऊन-पावसासाठी झाकण असेल. मीही पुढे होऊन बजावलं, टोपी विसरू नका हं, पाहुणे येतायत. सगळे हसले. "घ्या, पोरगी तयार झाली," साहेब म्हणाले. मला शाबासकी वाटली ती—

१० मार्च
वर चढून पाहिलं. मीटरच्या तोंडावर पत्र्याचा डबा, आत बाहेरची स्वच्छ हवा सोडलेली. बिचारं तीच मोजतंय. फिल्टरचे निम्मे कप्पे बंद, वीज खातात म्हणून! टोपी मीटरला नाही, सगळ्या वस्तीला घातलीय. आणि विसरू नका म्हणून बजावणारी मी.

तशीच साहेबांकडे गेले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला. आधुनिकीकरण एका दिवसात होत नसतं, वगैरे. मग हळूच, "बाळ, तुझे बाबा इथेच कोळशाच्या पट्ट्यावर आहेत ना? त्यांचं कंत्राट दर वर्षी मीच पुढे चालू ठेवतो."
चहा मी प्यायले. लाज वाटते.

१४ मार्च
शेवटी बाबांना सांगितलं. पट्ट्याखाली सांडलेला कोळसा फावड्याने भरून त्यांनी मला शिकवलं. ऐकून म्हणाले, "पोरी, दोन वर्षं कळ काढ. धाकटीचं शिक्षण होऊ दे." खोकला आला, तर तोंड फिरवून खोकले. माझ्यापासून लपवायला! त्यांच्यावर रागावताही येईना.
संध्याकाळी समोरची काकू दारात. बाळाला दम लागतो म्हणून दवाखान्यात वाफ देऊन आली होती. म्हणे, तू तिथे आहेस म्हणून आम्ही निर्धास्त.

१५ मार्च
तपासणी खात्याला फोन केला. निनावी तक्रार चालेल म्हणाले. मी माझं नाव सांगितलं, कुठे चढून बघायचं तेही.
मग आईला सांगितलं, उद्यापासून बाबांचा डबा भरू नकोस.