रबरी टोपीचे जोड

निपाणी,
ता. १९ ऑगस्ट १९४६

सौ. धोंडूआक्का हिस,
धाकट्या नेमूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा खोकला उतरला. तंबाखूची रोपं लावायला आलीत, पण पाऊस उघडीप देत नाही, शेताचा नुसता चिखल झालाय. तुझ्या भावजयीनं, कांतानं, दाजींच्या गुडघ्यासाठी तेल कढवून ठेवलंय. येताना घेऊन येईन.

तुझं पत्र मिळालं. दाजी काठी टेकत बाहेरच्या सोप्यापर्यंत येतात, पण गुडघा आता कधीच वाकायचा नाही असं डॉक्टर म्हणाले, ते वाचलं. बस्तीत देवापुढं सगळे मांडी घालून बसतात तेव्हा दाजी खांबाला टेकून उभे राहतात, हेही वाचलं. आणि शेवटी तू लिहिलंस, 'नेमू, बातमी कळताच तू धावून आलास, ओढ्यातून गाडी काढलीस, तुझे उपकार कसे फेडू?'

आक्का, उपकाराचं नाव काढू नकोस. का ते सांगतो.

तुला आठवत असेल, शिमग्याच्या सुमारास दाजी आणि मी बेळगावला गेलतो. आमच्या दोन्ही जुन्या गाड्यांच्या तारा उंदरांनी कुरतडलेल्या. मिस्त्री मिळेना, म्हणून नव्या तारा आपणच ओढू असं आम्ही ठरवलं. कॅम्पात लष्कराचा जुना माल विकायला निघालता. तारेला तार जोडायचे नाना प्रकार तिथं ढिगानं पडलेले. चिनी मातीचे होते, ते दाजींनी बाजूला सारले. ते घरातल्या भिंतीला ठीक, गाडीखाली चिखलपाणी उडतं तिथं नाहीत चालायचे, म्हणाले. मग त्या ढिगातून त्यांनीच रबरी टोपीचे जोड शोधून काढले. एक जोडून दुकानदाराच्या बादलीत बुडवला, वर काढून उघडला, आत बोट फिरवून बघितलं. कोरडा ठणठणीत. लहान पोरासारखे खूश झाले.

तसले धड दोनच निघाले. दाजी म्हणाले, एक तुझ्या गाडीला, एक माझ्या. कॉईलच्या तारेला बसवायचा, कारण ती तार गेली की इंजिनाचा जीव गेला. बाकी ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळून भागवू.

दोन्ही गाड्यांचं काम मीच केलं, तुमच्याच अंगणात. आधी माझी गाडी घेतली. कॉईलला एक जोड बसवला. दुसरा हातात होता. माझ्या पुढच्या दिव्याची तार चाकाजवळून जाते, तिथं तो इतका नेमका बसत होता की मी बसवून टाकला. मनाशी म्हटलं, दाजी गाडी काढणार ती बाजारापुरती, उन्हातान्हात. त्यांना काय गरज? त्यांच्या कॉईलच्या तारेला मी पीळ दिला, वरून काळी पट्टी गुंडाळली आणि डांबर फासलं. दिसायला चांगलं दिसत होतं.

संध्याकाळी दाजींनी विचारलं, "जोड बसवलास न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय, बसवला."

आषाढात ते तुझ्या मामंजींना घेऊन गडहिंग्लजच्या वाटेनं निघाले. ओढ्याला पाणी आलतं. मामंजी म्हणाले, थांबू, पाणी उतरू दे. त्यावर दाजी काय म्हणाले ते मला मामंजींनीच सांगितलं. "आप्पा, नेमूनं पक्का जोड बसवलाय, पाण्याला भ्यायचं कारण न्हाय." माझ्या शब्दावर त्यांनी गाडी पाण्यात घातली. मधोमध ती बंद पडली. मामंजींना पाठीवर घेऊन त्यांनी काठाला पोचवलं, परत फिरून गाडी ढकलायला लागले, आणि गाडी सरकून त्यांचा पाय दगडाशी चेंगरला. पुढचं तू डोळ्यांनी बघितलंस.

पण एक तू बघितलं नाहीस.

गाडी बैल लावून ओढून आणली. गोठ्यात ती वाळल्यावर मी पुढचं झाकण उघडलं. काळ्या पट्टीच्या आत पाणी शिरून शिरून तार हिरवी पडली होती आणि तिथंच तुटली होती. आसपास कुणी नव्हतं. मी तो तुकडा कापला, खिशात टाकला, नवी तार जोडली. मग सगळ्यांसमोर हँडल मारलं. गाडी लगेच चालू झाली.

तेव्हा मामंजी काय म्हणाले ते तू ऐकलंस. "बघा, गाडीत काय सुद्धा बिघाड न्हाय. बिघाड चालवणाऱ्यात." दाजी बाजेवर पडून होते. मान खाली घालून म्हणाले, "खरं हाय आप्पा. पाण्यात मीच भ्यालो असंन, म्हणून बंद पडली."

मी तिथंच उभा होतो आक्का. तो तुकडा माझ्या खिशात होता. वर तुझ्या हातचा चहा पिऊन आलो.

तू लिहितेस, मामंजी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगतात आणि दाजी ऐकून घेतात. गाडीला पुन्हा हात लावणार नाही म्हणतात. पाय गेला तो माझ्यामुळं, आणि अब्रू गेली तीही माझ्यामुळं. पायाला आता इलाज नाही.

भाद्रपदात दशलक्षणाचं पर्व संपलं की आपण सगळेच एकमेकांची क्षमा मागतो. त्या सरसकट क्षमेत हेही मिसळून टाकावं, असं मनात आलं होतं. पण तसं केलं तर दाजींना कधीच कळणार नाही की त्या ओढ्यात ते भ्याले नव्हते.

मी गुरुवारच्या सर्व्हिस मोटारीनं येतोय. हे सगळं तिथं येऊन बोलेन म्हटलं असतं, पण मामंजींसमोर उभा राहिलो की जीभ टाळ्याला चिकटते हे मी एकदा बघितलंय. म्हणून पत्र आधी पाठवतोय.

तुझी मला फार भीती वाटते आक्का. तू रागावशील म्हणून नाही. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की तू 'मी फोडलं' म्हणायचीस. आता तसं करू नकोस. पत्र चुलीत घालू नकोस, दाजींना एकट्याला गाठून हळूच सांगू नकोस. सोप्यात, मामंजी बसलेले असताना, शेजारचं कुणी आलेलं असलं तर त्यांच्याही देखत, पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच.

मग गुरुवारी मला उंबऱ्याच्या आत घ्यायचं की नाही, ते दाजींना ठरवू दे.

त्यांचा अपराधी,
तुझा भाऊ
नेमगोंडा