लपवलेली डावी चप्पल

चिमे,

पिठाच्या डब्यामागे तू लपवलेली माझी डावी चप्पल सापडली. कोपऱ्यावरच्या दुकानातून शिलाईचा दोरा आणायला मी एकटीच खाली चालले आहे. घोट्याचं प्लास्टर निघालं तरी तू मला उंबरठा ओलांडू देत नाहीस. आणि काल फोनवर साहेबांना म्हणालीस, आईसाठी नोकरी सोडते. ते ऐकलं आणि ठरवलं, आजच जिना उतरायचा.

काठी घेतली आहे. पाय लटपटताहेत, खोटं कशाला बोलू. तू येईपर्यंत परतले नाही, तर जिन्यातच कुठेतरी बसलेली असेन. हाका मारून बिल्डिंग गोळा करू नकोस. शेजारी येऊन बस, पण हात देऊ नकोस. उठायचं माझं मला बघू दे.

आई