भिंतीआडून शिकलेले गाणे

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. स्वभावाबद्दल त्यात काही लिहिलेले नाही.

१. दोन खोल्यांचे घर भाच्याला. त्याने आधी मागच्या दाराची कडी बसवावी. तीन वर्षे "उद्या बसवतो, मावशी" चालले आहे.

२. शिलाई मशीन शेजारच्या नर्सबाईंना. कात्री नाही. त्यांनी ती एकदा पत्रा कापायला नेली होती.

३. ताईची निळी शाल हरवली नव्हती, मी लपवली होती. मला कधीच शोभली नाही. तिच्या मुलीने न्यावी.

४. आता गाणे. आमच्या लोकांत नवी होडी पाण्यात उतरवण्याचे गाणे एकाच्याच मालकीचे असते. मालकाने साक्षीदारांसमोर दिले तरच दुसऱ्याने गावे. बाबांनी ते ताईला दिले. मी भिंतीआड काजे करता करता पाठ केले, तिच्याहून चोख. ताई गायची, बायका डोळे पुसायच्या आणि माझ्या पोटात दुखायचे.

पुढे संग्रहालयाचे साहेब आणि त्यांचा मदतनीस तिचे गाणे टेप करून घेऊन गेले. तिचा फोटो तिथे दारातच लावला. शेवटच्या दुखण्यात ताईने मला दोनदा बोलावले. मी शिवणाचे निमित्त सांगितले. ती गेली, आणि गाणे कोणालाच दिलेले नाही असे सगळे समजलो. तेव्हापासून सव्वीस वर्षे आमच्या होड्या मुकाट्याने पाण्यात जातात.

टेप आपल्या मालकीची, असे संग्रहालय म्हणत राहिले. गाणे आमचे, त्यावर हक्कही आमचाच, म्हणून आमची समिती कोर्टात भांडली आणि जिंकली. गेल्या महिन्यात समितीच्या खोलीत आम्ही ती टेप ऐकली. गाणे संपल्यावर साहेब विचारतात, "झालं का, बाई?" ताई आमच्या भाषेत बोलते, जी साहेबांना आणि मदतनीसाला कळत नव्हती:

"थांबा. तुम्ही दोघं साक्षीला आहात. हे गाणं मी धाकटीला देते. भिंतीमागे बसून शिकलीय ती. माझं दोन ठिकाणी चुकतं, तिचं नाही. तिचा राग उतरला की सांगेन तिला."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला रडू आले नाही. मोठेपणाही तिनेच घ्यावा, याचा जळफळाट झाला.

५. संग्रहालयाला काही नाही. फोटो दारातच राहू द्यावा.

६. हे गाणे मी ताईच्या नातीला, मुंगीला, देत आहे. तिचा गळा थेट ताईचा आहे. तोही मला सहन होत नाही, पण शिकवून झाले आहे. त्या दोन जागा मी तिला ताई गायची तशाच शिकवल्या आहेत. बरोबर कशा, ते कोणाला सांगणार नाही. तेवढे माझ्याजवळ राहू दे.

वाचून पाहिले, पटले, सही केली.

साक्षीदार: होडी बांधणारे मिस्त्री, समितीच्या चिटणीस. दोघांनाही आमची भाषा येते.

स्थळ: माझी पुढची खोली, मशीनशेजारी
दिनांक: ९ मार्च