भराईचे तीन ठोके

४ जानेवारी

आधी माफी. मागची नोंद लेकीच्या शाळेच्या निरोप समारंभाची आहे आणि लेक आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मधल्या काळात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही असं नाही. आळस केला, एवढंच खरं. नवी नोकरी, नवं गाव, तर वहीही नवी.

आज रुजू झाले. इमारत बारा मजल्यांची व्हायची आहे, सध्या पाचव्यापर्यंत आली आहे. माझं काम तपासणीचं. सळया नकाशाप्रमाणे बांधल्या आहेत ना, शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या फळ्या घट्ट आहेत ना, आतला तळ साफ आहे ना, हे बघून मी हो म्हटल्याशिवाय काँक्रीट भरायचं नाही. मुकादमांनी चहा पाजला आणि बजावलं की मॅडम, आमच्याकडे भांडायचं ते सकाळीच, दुपारी मालाची गाडी येते. माणूस आवडला.

राहायला पहिल्या मजल्यावरची तयार खोली दिली आहे. मोठी खिडकी, भरपूर उजेड. पलंगामागची भिंत म्हणजे लिफ्टभोवतीची भिंत, सगळ्या इमारतीचा कणा. दोन फुटांहून जाड. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला की तू पाहुणी म्हणून गेलीस तरी आधी लोकांच्या भिंती वाजवून बघतेस, आता हक्काची मिळाली आहे, वाजव पोटभर. वाजवली. उशाशी एका जागी आवाज बद्द येतो. बघायला हवं.

८ जानेवारी

इथली एक पद्धत मला फार आवडली. काँक्रीट ओतणाऱ्या पंपाच्या आवाजात माणसाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तपासणी संपली की तपासनिसाने शटरिंगवर हातोडीचे तीन ठोके द्यायचे. साफसफाईच्या मावशी दुसऱ्या बाजूला फळीला तळहात लावून उभ्या असतात. ठोके हाताला लागले की त्या दुसरा हात वर करतात आणि पंपवाला पंप सोडतो. नियमांच्या कुठल्याही पुस्तकात हे नाही, पण चोख चालतं. आज चौथ्या मजल्याचे जिने भरले, ठोके मी दिले. पहिल्यांदा देताना उगाच छाती फुगली.

मावशी पन्नाशीच्या, बारीक, तोंडाने फटकळ. मी सगळीकडे हातोडी घेऊन फिरते म्हणून त्यांनी माझं नाव टकटकबाई पाडलंय. माझ्यासमोरच हाक मारतात. शटरिंगच्या आत उतरून तारेचे तुकडे आणि भुसा वेचायचं काम त्यांचं. या लिफ्टच्या भिंतीत मात्र सळयांच्या दोन जाळ्यांमधून आडवं होऊन सरकावं लागतं. त्यांचा गुडघा दुखतो, तरी जातात.

माझ्या आधीचे तपासनीस साहेब नोव्हेंबरात तडकाफडकी निघून गेले. साइटच्या मोठ्या साहेबांशी त्यांचं वाजलं होतं, असं मुकादम म्हणाले. एकटा माणूस, मागे कोणी विचारायला आलं नाही. ते पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे; तिथला पलंग माझ्या खोलीत आणला, त्याच्यासोबत आलेल्या त्यांच्या चपला अजून पलंगाखाली आहेत. चपला सोडून कोणी रागावून जातं का, असं मनात आलं. पण माणसं रागात काय काय विसरतात.

१५ जानेवारी

आज थोडक्यात वाचलो. पाचव्या मजल्यावर लिफ्टच्या भिंतीचा पहिला टप्पा होता. मावशी आत उतरून सफाई करत होत्या, मी जिन्याजवळ नकाशा बघत होते. एकदम पंपाचा आवाज चढला. मी किंचाळत धावले. पंपवाल्याने नळी वळवली तेव्हा पहिला लोंढा फळ्यांच्या बाहेर पडला होता, आत नाही. मावशी बाहेर आल्या, मला बघून हसल्या आणि म्हणाल्या की टकटकबाई, तुमचा आवाज पंपापेक्षा मोठा आहे की.

मुकादम शपथेवर सांगतात की त्यांनी तीन ठोके ऐकले. मावशी आत असल्यामुळे फळीला हात मुकादमांनीच लावला होता. हातोडी माझ्या कमरेला होती. ठोके मी दिले नव्हते.

की नकळत दिले? माझी सवय मला माहीत आहे. हातात हातोडी असली की मी बोलता बोलताही ठोकते. पण मी जिन्याजवळ होते. तिथे ठोकायला फळीच नव्हती.

१९ जानेवारी

पुन्हा तेच. दुसरा टप्पा. या वेळी हातोडी मी मुद्दाम खोलीवर ठेवली होती, आणि ठोके मीही ऐकले. स्पष्ट, सावकाश, तीन. फळीवरून नाही. खालून, आधीच भरलेल्या भिंतीतून आल्यासारखे. मी पंपासमोर आडवी उभी राहिले म्हणून भागलं.

मावशी आतच होत्या. दोन्ही वेळा मावशीच आत होत्या. मधल्या दिवसांत आम्ही स्लॅब भरले, खांब भरले, तेव्हा एकही फुकटचा ठोका आला नाही.

मुकादम म्हणाले की नव्या काँक्रीटमधून असे आवाज येतात, सुकताना आकसतं. खरं आहे, येतात. पण ते मोजून तीन येत नाहीत.

२१ जानेवारी

दुपारी जेवून खोलीत पडले होते. ऊन पलंगावर होतं. उशाशी, त्या बद्द जागेवर — ठक, ठक, ठक.

वरचं काम बंद होतं. मी जिन्यात जाऊन खात्री केली. परत येऊन पलंगावर बसले. मग मूर्खासारखा मी एक ठोका दिला.

लगेच तीन आले.

२२ जानेवारी

मावशींना सहज विचारल्यासारखं विचारलं की आधीचे साहेब गेले तो दिवस आठवतो का. त्या फळ्यांवर बसून गुडघा चोळत होत्या. म्हणाल्या, आठवणार नाही कसं, त्याच दिवशी तुमच्या खोलीमागची भिंत भरली. आत त्यांनाच जायचं होतं, पण गुडघा सुजलेला बघून साहेब म्हणाले की बसा मावशी, आज मी बघतो, आणि स्वतः आत सरकले. मावशी आपल्या नेहमीच्या बाजूला येऊन तळहात लावून उभ्या राहिल्या. सुताराने दरम्यान आत शिरायच्या तोंडाची फळी ठोकून टाकली असावी, कारण गाडी आलेली आणि मुकादम घाई करत होते. थोड्या वेळाने तीन ठोके लागले. मावशींनी हात वर केला.

साहेब पलीकडून बाहेर पडले आणि आमचं तोंडही न बघता गेले, असं त्या म्हणाल्या. इतका मायेचा माणूस, जाताना सांगून जायला काय झालं होतं, म्हणून त्यांना अजून राग आहे.

त्यांच्या लक्षात आलेलं नाही. फळी बंद झालेली बघून माणूस दुसरं काय करेल? आतून ठोकेल. उघडा म्हणून ठोकेल. आणि या इमारतीत ठोक्यांचा अर्थ एकच —

हे मावशींना कुठल्या तोंडाने सांगणार?

२५ जानेवारी

उशाशी भिंतीत भोक पाडून नमुना काढला. काँक्रीटची नळकांडी बाहेर येते, तिची ताकद तपासायला. नेहमीचं काम आहे, कोणी विचारलं नाही. नळकांडी अर्ध्यावर तुटली. आत पांढऱ्या प्लॅस्टिकचा वाकडा तुकडा. कडेला पट्टा अडकवायची खाच.

पांढरं हेल्मेट इथे फक्त तपासनीस घालतो. माझ्या हेल्मेटशी लावून बघितला. बसतो.

मोठ्या साहेबांना दाखवला. ते म्हणाले, पॅकिंगचा कचरा राहिला असेल. भोक बुजवून घ्या म्हणाले.

पोलीस चौकीवर गेले. त्यांनी ऐकून घेतलं, सोमवारी माणूस पाठवतो म्हणाले. हात कोणी वर केला होता, ते मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर मावशींना ते कोणत्या तरी हवालदाराच्या तोंडून कळलं असतं.

२६ जानेवारी

भोक बुजवलं आहे. तरी ठोके आतून नाही, भोकातूनच येतात. जवळून.

लेकीचा फोन आला. आई, तिकडे काय ठोकताहेत, म्हणाली.

२७ जानेवारी

उद्या सकाळी लिफ्टच्या भिंतीचा या मजल्यावरचा शेवटचा टप्पा. मी नकार दिला. मोठे साहेब म्हणाले, तुमच्या होकाराने नाहीतर माझ्या सहीने, उद्या भरायचंच. तळ साफ करायला मावशी उतरणार.

मावशी. भिंतीतल्या त्यालाही तेच हवं आहे. तिसऱ्यांदा मी वेळेवर धावेन कशावरून?

मुकादमांना सांगितलं की उद्या आत मी जाणार, मावशी नाही. ठोके बंद. मी बाहेर येऊन समोर उभी राहीन तेव्हाच पंप. ते हो म्हणाले. सुताराला सांगितलं, तोंडाची फळी उघडी. तोही हो म्हणाला. सगळे हो म्हणतात. त्या दिवशीही सगळे —

मावशींना सांगितलं की काही ऐकू आलं, हाताला लागलं, तरी हात वर करायचा नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, टकटकबाई, इतकी वर्षं ठोका लागला की हात वर जातो, मला विचारून जातो होय?

मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, तेही असेच म्हणाले होते, बसा मावशी म्हणून. देव तुमचं भलं करो.

संध्याकाळ

उद्यासाठी हेल्मेटचा पट्टा घट्ट करून ठेवला. बॅटरी. हातमोजे.

भिंत गप्प आहे. दिवसभर गप्प. इतकी गप्प की मी स्वतःच —

नाही. ठोकायचं नाही. आत काहीही झालं तरी, फळी बंद झाली तरी, ठोकायचं नाही. हाक मारायची. हाक कोणाला ऐकू जाणार

माझी बोटं वहीच्या पुठ्ठ्यावर — मी आत्ता तीनदा —

उद्या : आत उतरण्याआधी हातोडी काढून मावशींकडे देणे, म्हणजे चुकूनही मी आतून