‘दैना’ला यमक

ता. ३ नोव्हें., सोमवार
पहाटे तोच आवाज. गडावरच्या धान्यकोठारात सातवीची पोरं एका सुरात कविता म्हणतायत, आणि पोरं गप्प झाली तरी शेवटची ओळ घुमटाखाली फिरत राहते. तिथं शाळा होती तेव्हाची गोष्ट. मास्तरकीची एकोणीस वर्षं त्या घुमण्यात गेली. जाग आली तर कसबा बावड्यातली खोली आणि बाहेर उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी.

दुपारी निमंत्रण आलं. कोठारात आता हॉटेल. रविवारी, १६ला उद्घाटन. जेवणघराचं नाव ‘मैनाराणी दालन’. प्रमुख पाहुणे ज्येष्ठ इतिहास संशोधक विलासराव.
ज्येष्ठ! आमच्या शाळेचा चित्रकला मास्तर. घोड्याचे पाय कधी जमले नाहीत त्याला.

ता. ५, बुध
वि.चं पुस्तक पुन्हा काढलं. गडाचा इतिहास मी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ओसऱ्यांवर बसून सात वह्यांत उतरवला होता. “सर, दोन दिवसांत आणून देतो,” म्हणून त्यानं वह्या नेल्या. बावीस वर्षं झाली. पुस्तकावर नाव त्याचं. आभारात ‘गडावरील ग्रामस्थ’. तो ग्रामस्थ मी.

आणि ती राणी! ‘एका जीर्ण मोडी कागदात आढळते की,’ वेढ्यात धान्य संपलं, तेव्हा किल्लेदाराची बायको मैनाराणी रात्रभर रिकामं जातं फिरवत बसली. घरघर ऐकून शत्रूला वाटलं, कोठार भरलेलंय. वेढा उठला.
कसला मोडी कागद? ही राणी मी केली. स्नेहसंमेलनासाठी.

कोठारी दाणा उरला नाही, गडाची झाली दैना,
रिकामे जाते ओढत बसली किल्लेदाराची मैना.

‘दैना’ला यमक हवं होतं, बस्स. ‘ऐना’ बसेना. तिची गोष्ट पाचव्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवली होती, पोरांकडून बसवून घ्यायला; ते राहूनच गेलं. या चोरानं तीही उचलली.

सुनीताला शिडी धरायला लावून माळ्यावर चढलो. “आबा, पडाल. सुनेला बोल लावतील लोक!” शाळेचं जुनं हस्तलिखित वार्षिक सापडलं. कविता आहे. वर माझ्याच अक्षरात ‘काल्पनिक’, खाली हेडमास्तरांची सही.
आता बघतो.

ता. ८, शनि
रात्रभर गडच डोळ्यांपुढे. शिलाहारांनी बांधला, सुलतानांनी घेतला, मराठ्यांनी जिंकला, इंग्रजांनी दरवाजे उतरवले. कोठारात आधी धान्य, मग दारूगोळा, मग कैदी, मग कचेरीची दप्तरं, मग आमची शाळा. शाळा उठली तशी शेळ्या. आता थाळी.
नव्या मालकानं दर वेळी जुन्याचा शिलालेख काढून पायरीला लावला, अक्षरं खाली करून. उत्तरेच्या बुरुजाची तिसरी पायरी तशीच आहे. वि.नं माझं तेच केलं. पालथा घातला मला, आणि वरून चालत गेला.
रविवारी तो दगड उलटा करणार. सगळ्यांदेखत.

ता. ११, मंगळ
शंकरच्या रिक्षातून गडावर. शंकर माझा विद्यार्थी. “सर, तुमच्या कवितंपायी दोनदा नापास झालतो की ओ!”
कोठाराच्या मागं कडा फुटलेलं जातं. त्यावर हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. माझ्या वेळी हे नव्हतं. शेजारी पारूबाई ताक विकत बसलेली.
म्हटलं, “ही राणी खरी कशावरनं?”
“कशावरनं म्हंजे? माझ्या नातीचं नाव मैना हाय. घरात उपास पडला की बाया हितं येऊन पाच डाव जातं फिरवत्यात.”
“आणि मग मिळतं खायला?”
“न्हाय मिळालं तरी हुरूप येतोय की. तुमी कुठलं पावणं?”
“आणि कुणी म्हटलं, राणी नव्हतीच?”
“त्येच्या तोंडात माती!”
उतरताना शंकर काहीबाही सांगत होता. मी मनात भाषण जुळवत होतो.

ता. १४, शुक्र
भाषण पाठ. सहा मिनिटं. शेवटी कविता, चालीवर म्हणणार. ‘काल्पनिक’ हा शब्द दोनदा.
सुनीता म्हणते, “आबा, त्यांचं नाक कापाल. पण त्या बायांचं काय?”
“त्यांना नवी राणी करून देतो. यमकं पुष्कळ पडलीत.”
बोललो खरं. भाकरी अर्धी ताटात राहिली.
तरी सोडणार नाही. बावीस वर्षं.

ता. १६, रवि, सकाळी सव्वासात
इस्त्रीचा सदरा, टोपी. पिशवीत हस्तलिखित. शंकर आठला येणार. बेल वाजली, म्हटलं लवकर आला, मीच दार उघडलं.
विलास.
डोक्याला फेटा, हातात काठी. केवढा वाळलाय. उंबऱ्याबाहेरच उभा.
“सर, आज पत्रकार विचारणार, मोडी कागद दाखवा. कागद नाही. तो खोटा लिहिला मी, तुमचं नाव घ्यायला लागू नये म्हणून. राणी तुमच्या पाचव्या वहीतली. ती खरीच असणार. तुम्ही खोटं कशाला उतरवून घ्याल? एवढंच सांगा, कुठल्या म्हाताऱ्यानं सांगितली होती? त्याचं नाव घेतो. तुमचंही घेतो. आज, माइकवरनं, सगळ्यांदेखत.”

त्याला खरंच माहीत नाही.

चष्मा आणतो म्हणून आत आलोय आणि हे लिहितोय. चष्मा डोळ्यांवरच आहे. पिशवी खांद्याला. तो तिथंच उभा आहे, काठी बदलतोय या हातातून त्या हातात.
सुनीता दुसऱ्यांदा विचारतेय, “आबा, पावण्यांना आत घेऊ का?”